वाड्याच्या परसातील उजेड

जुने घर हा व्यापारी कुटुंबातील सर्वांत वयोवृद्ध भागीदार असतो. बाजारातील पत काही अंशी त्याच्यामुळे असते, लग्नकार्ये त्याच्या चौकात होतात, आणि वाटणीची वेळ आली की सर्वांत अवघड हिशेबही त्याचाच होऊन बसतो. महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या गावांमध्ये जैन कुटुंबांचे असे कितीतरी वाडे आजही उभे आहेत. त्यांच्यापुढे साधारणतः तीन वाटा असतात. वाडा पाडून दुकानांचे संकुल उभारणे, कुलूप लावून पुण्या-मुंबईस निघून जाणे, किंवा पडेल तोवर कसेबसे त्यात राहणे. याहून वेगळी एक वाट सोलापूर जिल्ह्यातील एका भुसार व्यापारी कुटुंबाने अलीकडे धरली. ती सरळ नव्हती आणि फुकटचीही नव्हती. परंतु ज्यांच्या घरी हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे, त्यांना तिची हकीकत उपयोगी पडावी.

हा वाडा सुमारे शंभर वर्षांचा. रस्त्याच्या अंगाला पेढी, तिच्या शेजारून दिंडी दरवाजा, आत फरसबंद चौक, चौकाभोवती ओसरी, मग माजघर, त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे, उत्तरेला, परस. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात जाडीच्या. वर लाकडी तुळयांवर मातीचे धाबे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा या जाड भिंती दिवसभराची उष्णता आत पोहोचू देत नाहीत. खिडक्या लहान ठेवण्यामागेही तोच विचार होता, आणि घरात धान्य, दागिने व रोकड असल्यामुळे सुरक्षिततेचाही होता. बांधणाऱ्यांनी गारवा मिळवला आणि त्याची किंमत उजेडाने चुकती केली.

ती किंमत अखेरीस पडली ती घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या वाट्याला. शहाऐंशी वर्षांच्या आजींचे सारे आयुष्य या माजघरात गेलेले. त्यांचा दिवस सूर्याने बांधलेला: सूर्योदयानंतर गाळलेले पाणी, दुपारी स्वाध्याय, सूर्यास्ताआधी जेवण. धान्य निवडण्याचे काम त्यांनी सुनांवर कधी पूर्णपणे सोपवले नाही. सुपातील डाळीत एखादा जीव राहून गेला तर तो दोष आपल्या डोळ्यांचा, असे त्या मानीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी मंदच राहिली होती. दुपारी तीननंतर माजघरात त्यांना पोथीतील अक्षर लागेना. दिव्याच्या उजेडात धान्य निवडणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून सूप घेऊन त्या ओसरीवर येऊन बसत. तेथे चौकातले ऊन भाजून काढी. एके दिवशी ओसरीच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. हाड मोडले नाही, पण घर मात्र त्या दिवसापासून दुभंगले.

पुण्यात स्थायिक झालेल्या धाकट्या मुलाचे, म्हणजे भाऊंचे मत ठाम होते. वाड्याची जागा भर बाजारात. तेथे खाली दुकाने आणि वर सदनिका बांधल्या तर तिन्ही भावंडांचे भले होईल, आणि आईला पुण्यास बाराव्या मजल्यावरच्या मोकळ्या, उजेडाच्या घरी आणता येईल. पेढी सांभाळणारे थोरले अण्णा याला तयार नव्हते. पण आईच्या पडण्यापुढे त्यांचे शब्द तोकडे पडत. तिसरा आवाज ताईंचा. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. त्यामुळे पाडायचे असो वा बांधायचे, ताईंच्या संमतीवाचून काहीच होणार नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "माझी सही पाहिजे असेल, तर आधी आईला विचारा. तिला विचारलंय का कुणी?"

खरोखरच कुणी विचारले नव्हते. विचारल्यावर आजी म्हणाल्या, "मला पुणं नको आणि नवा वाडाही नको. मला दुपारचा उजेड पाहिजे."

वास्तुविशारद झालेल्या अण्णांच्या मुलीने हे वाक्य शब्दशः घेतले. तिने परसाची मोजमापे घेतली आणि तेथे बारा फूट बाय चौदा फुटांची एक खोली सुचवली: पोलादी सांगाडा आणि तीन बाजूंना काच. अण्णा चमकले. "वाड्याला काच? पोरी, लोक हसतील." त्यावर तिने कागदावर रेघा ओढून दाखवल्या. परसात सिमेंट-विटांची खोली बांधली असती, तर माजघराला मागच्या दारातून मिळणारा होता तो उजेडही गेला असता. काचेची खोली आपल्याला उजेड घेईलच, शिवाय तो मागे माजघरातही पोहोचू देईल. काच निवडली होती ती शोभेसाठी नव्हे, याच कारणासाठी.

गावातील ठेकेदाराने मधला मार्ग सुचवला. सिमेंटचे खांब ओतून त्यांवर लाकडी नक्षीसारखी नक्षी काढायची, वर जुन्यासारखा रंग द्यायचा. म्हणजे नवे कोणते नि जुने कोणते हे कुणाला ओळखू येणार नाही. अण्णांना ते पसंत पडले. मुलीने मात्र नकार दिला. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिचा एक गाभा असा की, जुन्या वास्तूला अपरिहार्य म्हणून जे नवे जोडावे लागेल ते मुळापासून वेगळे ओळखू यावे आणि त्यावर आपल्या काळाची खूण असावी. त्याचबरोबर त्याने मूळ वास्तूचा तोल आणि परिसराशी असलेले तिचे नाते बिघडवू नये. नक्कल केली की पुढच्या पिढीला खरे-खोटे कळेनासे होते, आणि शंभर वर्षांच्या खऱ्या खांबाची किंमतही खोट्या खांबाच्या शेजारी उतरते.

व्हेनिसची सनद अण्णांना परकी वाटली, पण तिच्यातला विचार परका वाटला नाही. त्यांच्या वडिलांच्या काळच्या रोजकीर्दी आणि खतावण्या अजून पेढीवरच्या फडताळात होत्या. चुकलेली रक्कम खोडून तिच्यावर दुसरी लिहिणारा मुनीम त्या पेढीवर टिकत नसे. जुनी नोंद तशीच राही. दुरुस्ती नव्या ओळीवर, नव्या तारखेने होई. वर्षांनंतर वही उघडणाऱ्याला काय केव्हा घडले ते सरळ वाचता यावे, हा त्यामागचा हेतू. मुलगी वाड्याच्या बाबतीत तेच मागत होती. अण्णांनी ठेकेदाराला निरोप पाठवला की नक्षी नको.

आता आजींची संमती राहिली. त्यांना काचेच्या घराची कल्पनाच सहन होईना. "काचेचं घर म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बघायचं घर. तिथे बसून मी सामायिक कशी करू?" तेव्हा नातीने त्यांना पॅरिसमधल्या एका घराची गोष्ट सांगितली. दालसास आडनावाच्या एका डॉक्टरांना आणि त्यांच्या पत्नीला चौकात असलेले एक जुने घर मिळाले होते. ते पाडून नवे बांधण्याचा त्यांचा विचार होता. पण वरच्या मजल्यावरची वृद्ध भाडेकरू काही केल्या जागा सोडेना. तेव्हा पिएर शारो हे रचनाकार, बर्नार्ड बायव्हूट हे डच वास्तुविशारद आणि लुई दाल्बे हे धातुकारागीर यांनी वरचा मजला जागच्या जागी पोलादी खांबांवर तोलून धरला, खालचे जुने बांधकाम काढून घेतले आणि त्या पोकळीत तीन मजल्यांचे नवे घर बसवले. १९२८ ते १९३२ या काळात हे काम झाले. तळमजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना, वर निवास, आणि चौकाकडची सारी भिंत काचेच्या विटांची. त्या विटांतून उजेड आत येतो, पण बाहेरच्याला आतले माणूस दिसत नाही. वास्तुकलेच्या इतिहासात ते घर 'मेझाँ द व्हेर', म्हणजे 'काचेचे घर', याच नावाने ओळखले जाते.

आजींनी गोष्ट लक्षपूर्वक ऐकली. काचेच्या विटांपेक्षा त्यांना दुसरीच बाब महत्त्वाची वाटली. "म्हणजे म्हातारीला हलवलं नाही. तिला सांभाळून बांधलं." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "मग माझ्याही तीन अटी लिहून घे." पहिली, माजघराची भिंत फोडायची नाही, मागचे दार आहे तेवढेच वापरायचे. दुसरी, शेजारच्या गच्चीवरून आतले दिसता कामा नये. तिसरी अट अनपेक्षित होती. परसात कडुनिंब आहे, त्यावर बुलबुल आणि मैना येतात. त्यातले एकही पाखरू त्या काचेवर आपटून मरता कामा नये.

पहिल्या अटीने बांधकामाचे स्वरूप ठरवले. मातीच्या भिंतीच्या पायाशी खोदकाम केले तर ती खचू शकते. शिवाय जुनी माती आणि नवे पोलाद जमिनीवर सारख्या वेगाने बसत नाहीत, आणि उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरणही पावत नाहीत. म्हणून नवी खोली भिंतीपासून चार फूट दूर, स्वतःच्या पायावर उभी राहिली. मधल्या चार फुटांत एक अरुंद जोडवाट; आणि जेथे नवे छत जुन्या भिंतीजवळ येते तेथे लवचीक सांधा, म्हणजे एक हलले तरी दुसऱ्याला ओढ बसू नये. काचेचे वजनही ध्यानात घ्यावे लागले. दर मिलिमीटर जाडीमागे काच चौरस मीटरला अडीच किलो भरते. म्हणजे बारा मिलिमीटर जाडीची, एक मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी एक काच पाऊणशे किलोंची. जुन्या तुळईवर असा भार टेकवणे शक्यच नव्हते. कडक केलेली काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे सांगाडा पुरा उभा राहिल्यावर ओळंबा लावून मापे घेतली आणि मगच काचेची मागणी नोंदवली. प्रत्येक काच दोन थरांची, मध्ये पारदर्शक पापुद्रा असलेली. फुटली तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात.

याच कामात एक जुने दुखणेही उघडे पडले. काही वर्षांपूर्वी परसाकडच्या भिंतीच्या तळाला ओल दिसली म्हणून कुणीतरी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. मातीची भिंत जमिनीतली ओल घेते आणि हवेत सोडून देते; सिमेंटने ती वाट बंद झाली आणि ओल आतल्या आत वर चढली होती. गिलावा काढून चुन्याचा केला आणि छताचे पाणी पन्हाळीने भिंतीपासून दूर नेले. नवी खोली झाली नसती तर जुन्या भिंतीचे हे दुखणे भिंत ढासळल्यावरच कळले असते.

सर्वांत मोठी भीती उष्णतेची होती. काचेतून सूर्याची किरणे सहज आत येतात. त्यांनी तापलेल्या जमिनीतून आणि वस्तूंतून निघणारी उष्णता मात्र तितक्या सहज बाहेर जात नाही. सोलापूरच्या उन्हात सर्व बाजूंनी काच म्हणजे माणसांची भट्टी. म्हणून छत काचेचे न करता भरीव आणि उष्णतारोधक केले, चारी बाजूंना तीन फूट पुढे आणले, आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून छताखाली झरोके ठेवले. पारदर्शक काच मुख्यतः उत्तरेला. तरीही मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत त्या भागात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो, आणि उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही उत्तरेकडून येते. त्यासाठी बाहेरून वाळ्याचे पडदे लावले. पश्चिमेला, शेजारच्या गच्चीच्या बाजूस, काचेच्या विटा आल्या आणि दुसरी अट पुरी झाली. एवढे करूनही पहिल्या मे महिन्यात भर दुपारी ती खोली माजघराइतकी थंड राहिली नाही. त्या दिवसांत आजी बारा ते चार माजघरातच बसत. शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्याला जे साधले ते काचेला साधणार नव्हते, आणि तशी अपेक्षाही कुणी ठेवली नव्हती.

तिसरी अट काचवाल्याला हास्यास्पद वाटली होती. वास्तविक पक्ष्यांना काच दिसत नाही. तिच्यात प्रतिबिंबित झालेले झाड त्यांना खरे झाड वाटते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या एका देशात इमारतींवर आपटून दरवर्षी सुमारे ३६ कोटी ते ९९ कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज मांडला आहे. त्यात उंच इमारतींपेक्षा साध्या घरांचा आणि बुटक्या इमारतींचा वाटा कितीतरी अधिक आहे. काचेवर घारीचे एखादे चित्र चिकटवून भागत नाही. काचेच्या बाहेरच्या अंगाला सर्वत्र, सुमारे पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर ठिपके किंवा रेघा असाव्या लागतात, म्हणजे मधून उडून जाण्याइतकी जागा पाखराला दिसत नाही. नातीने तसे पांढरे ठिपके लावून घेतले. शेवटच्या एका काचेला माल कमी पडला आणि ते काम आठ दिवस लांबले. सहाव्या दिवशी सकाळी त्याच काचेखाली एक बुलबुल मरून पडलेला सापडला. आजींनी कुणाला बोल लावला नाही; त्या दिवशी त्यांनी उपवास केला. अण्णांनी पेढी अर्ध्यावर सोडून स्वतः सोलापूर गाठले आणि संध्याकाळपूर्वी ठिपके आणून लावले. त्यानंतर त्या काचेवर पाखरू आपटलेले घरात कुणी पाहिले नाही.

भाऊंची सही शेवटी आली, आणि ती भावनेपोटी नव्हे. त्यांनी पुतणीला रोखठोक विचारले होते, "उद्या हे सगळं काढायचं ठरलं तर?" तिने दाखवले की सांगाडा ओतलेला नसून नटबोल्टांनी जोडलेला आहे, तो सुटा करता येईल, पोलाद आणि काच दुसरीकडे वापरता येईल, आणि परस व मागची भिंत पूर्ववत राहील. जे पाडले ते परत येत नाही, पण जे जोडले ते काढता येते, हा हिशेब व्यापारी माणसाला पटण्याजोगा होता. तिन्ही भावंडांनी मग एक लेख केला. आई आहे तोवर वाड्याची वाटणी नाही आणि विक्रीही नाही. पुढे जे करायचे ते तिघांच्या सहीने. नगरपालिकेच्या परवानगीचा अर्जही तिघांच्या नावे गेला. वाड्याच्या भवितव्याचा प्रश्न यामुळे सुटला असे नाही. तो पुढे गेला. आणि अबोल्याऐवजी लेखी करार होऊन पुढे गेला, हे काही थोडे नव्हे.

जुन्या घराला नवा भाग जोडू इच्छिणाऱ्यांनी या हकीकतीतून काच उचलू नये, क्रम उचलावा. प्रथम त्या घरात जो अधिक काळ बसून असतो त्याला विचारावे. मग जुनी वास्तू जे चांगले करते आहे ते ओळखून त्याला हात लावू नये. नवे करायचे ते नवे म्हणूनच करावे, जुन्याचे सोंग आणू नये, आणि ज्यांचा हक्क आहे अशा प्रत्येकाची, सासरी गेलेल्या मुलीचीसुद्धा, संमती आधी घ्यावी. कदाचित उत्तर काचेचे निघेल, कदाचित एखादी खिडकी रुंद करून किंवा चौकाला पारदर्शक छप्पर घालूनही भागेल.

ताई गेल्या पर्युषणात माहेरी आल्या होत्या. दुपारचे चार वाजले होते, बाहेर पावसाचे आभाळ. आजी काचेजवळच्या पाटावर बसून सुपातली तूरडाळ निवडत होत्या. ताई मदतीला बसल्या, तशी आजींनी त्यांच्या हातातली मूठभर डाळ परत सुपात घेतली, एक दाणा बोटाने बाजूला सारला आणि म्हणाल्या, "तुझ्या नजरेतून हा किडका सुटला बघ."